मोन्तोनेत राहायला येताय? मग आधी दारावर नाव लावा

गेल्या वर्षभरात चार मराठी कुटुंबांनी मला फोन करून जवळजवळ एकच प्रश्न विचारला. "इटलीत नोकरी मिळालीय, पण शहरात नाही, कुठल्या तरी खेड्यात. तिथं काय काय करावं लागतं?" प्रत्येकाला तासभर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून काढते. मी कराडची. नवऱ्याचं काम तिबेर नदीच्या खोऱ्यातल्या एका कारखान्यात, आणि आमचं भाड्याचं घर मोन्तोने या लहानशा कोमूनेच्या हद्दीत. उंब्रिया प्रांत, पेरूजा जिल्हा, लोकसंख्या जेमतेम सोळाशे. डोंगरमाथ्यावर तटबंदीतलं जुनं गाव, आणि खाली कार्पिना नदीच्या व तिबेरच्या खोऱ्यात विखुरलेल्या वाड्यावस्त्या.

मिलान-रोमला राहणाऱ्यांच्या व्हिडिओंमधून मी बरंच शिकून आले होते. त्यातलं निम्मं इथं लागू पडलं नाही. कागद तेच, पण खेड्यात त्यांचा क्रम फार महत्त्वाचा. प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो आणि मधला एक राहिला की पुढचे सगळे अडतात.

१. आधी पत्ता वाचायला शिका

कोमूने म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीपासून नगरपालिकेपर्यंत सगळं एकाच शब्दात. इटलीत अशी सुमारे ७,९०० आहेत. मिलानही कोमूनेच आणि मोन्तोनेही कोमूनेच, दोन्हीकडे लोकांनी थेट निवडलेला सिंदाको, म्हणजे महापौर किंवा सरपंच, काय म्हणायचं ते म्हणा. ज्या गावात कोमूनेचं कार्यालय असतं ते मुख्य गाव, आणि त्याच्या हद्दीतली बाकीची गावं म्हणजे फ्रात्सिओनी. आपल्याकडच्या गट ग्रामपंचायतीसारखंच. मोन्तोनेच्या बाबतीत कार्पिनी, सांता मारिया दि सेत्ते ही अशी नावं. सांता मारिया दि सेत्ते खाली सपाटीला, कार्पिनी वर डोंगरांच्या बाजूला. घर बघताना "मोन्तोने" एवढं वाचून हुरळून जाऊ नका. तटबंदीतलं मोन्तोने आणि कार्पिनीकडचं एकटं घर यात रोजच्या जगण्याचा फार फरक आहे.

पत्त्यात "व्होक." दिसलं तर तो रस्ता नव्हे. व्होकाबोलो हा या भागातला जुना शब्द. शेताला, टेकाडाला, चार घरांच्या वस्तीला पडलेलं नाव म्हणजे व्होकाबोलो. आपल्याकडे "माळवाडी", "पिंपळाचा मळा" असतं तसं. कुरिअरवाल्याच्या नकाशात हा व्होकाबोलो असेलच असं नाही. आमचं पहिलं पार्सल दोनदा परत गेलं. मग शेजारच्या आजोबांनी सुचवलं, "पत्त्यात माझ्या ट्रॅक्टर शेडचं वळण लिहा आणि फोन नंबर द्या." ते चाललं. घराचा नकाशावरचा बिंदू फोनमध्ये साठवून ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येकाला पाठवा.

२. भारतातून निघण्यापूर्वी

इथं आल्यावर जे कागद मागवणं महागात पडतं ते सगळे भारतातले. ही यादी चिकटवून ठेवा:

- पासपोर्ट, आणि त्याच्या सगळ्या पानांच्या छायाप्रती
- जन्मदाखला आणि विवाह नोंदणी दाखला, अपोस्टिल केलेला, इटालियन भाषांतरासह
- पदवीची कागदपत्रं, लागणार असतील तर
- मुलांचे शाळेचे दाखले आणि लसीकरणाची नोंद
- भारतीय वाहन परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना
- पासपोर्ट आकाराचे डझनभर फोटो

अपोस्टिल म्हणजे आधी राज्य शासनाचं प्रमाणीकरण आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. यात आपल्या लोकांची एक ठरलेली अडचण होते. जुन्या जन्मदाखल्यावर बाळाचं नावच नसतं, फक्त "मुलगी" आणि आईवडिलांची नावं. असा दाखला असेल तर आधी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत नाव चढवून नवा घ्या. शिक्का मारून आणल्यावर दुरुस्ती करता येत नाही, सगळी फेरी पुन्हा.

दुसरी अडचण नावाची. आपल्या पासपोर्टवर दिलेल्या नावाच्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही छापलेलं असतं. इटालियन माणसाला तुम्ही "सुनीता रमेश" या जोडनावाच्या बाई. त्यांना मधलं नाव ही कल्पनाच नाही. भांडू नका, समजावत बसू नका. पासपोर्टवर जसं आहे तसंच, तेवढंच, त्याच क्रमानं प्रत्येक अर्जात लिहा. भाडेकरार, बँक, विजेचं बिल, सगळीकडे. एका ठिकाणी "रमेश" गाळलात की तुम्ही दोन वेगळ्या व्यक्ती झालात. (इटलीत बायका लग्नानंतर माहेरचंच आडनाव ठेवतात. आम्हा नवराबायकोचं आडनाव एकच पाहून आम्ही बहीणभाऊ आहोत का असं मला आजवर तिघांनी अगदी सभ्यपणे विचारलं आहे.)

३. पहिले आठ दिवस

दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलात की ८ कामाच्या दिवसांत पेर्मेस्सो दि सोज्जोर्नोची, म्हणजे राहण्याच्या परवान्याची प्रक्रिया सुरू करायची असते. विद्यार्थी थेट पोस्टात जातात. नोकरीच्या किंवा कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्यांनी आधी जिल्ह्याच्या प्रेफेत्तूरातल्या, म्हणजे आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयासारख्या कचेरीतल्या, परदेशी नागरिकांच्या खिडकीशी संपर्क करायचा. तिला स्पोर्तेल्लो ऊनिको म्हणतात. तिथून कागद झाले की मग पोस्ट. आमच्यासाठी हे सगळं पेरूजाला.

पोस्टात मागायचं ते अर्जांचं पाकीट, "किट". हे प्रत्येक पोस्टात स्वीकारत नाहीत. ज्या पोस्टात "स्पोर्तेल्लो आमिको" अशी खिडकी आहे तिथंच. खेड्यातलं लहान पोस्ट आठवड्यातले काही दिवसच उघडं असू शकतं, त्यामुळे आधी वेळ बघून निघा. पाकीट बंद करून नेऊ नका, खिडकीवरची व्यक्ती आतलं तपासते.

खर्च असा: १६ युरोचं मार्का दा बोल्लो, म्हणजे आपला कोर्ट फी स्टॅम्प, तो पोस्टात नाही तर तंबाखूच्या दुकानात मिळतो, मोठ्या "टी" अक्षराची पाटी असते तिथं. पोस्टाचे ३० युरो. कार्ड छापण्याचे ३०.४६. शिवाय परवान्याच्या मुदतीप्रमाणे शुल्क: वर्षापर्यंत ४०, एक ते दोन वर्षांसाठी ५०. आमचे माणशी १२६ युरो ४६ सेंट गेले.

अर्ज स्वतः भरायचा हट्ट मी धरला आणि एक पूर्ण रविवार वाया घालवला. तुम्ही पात्रोनातोत जा. कामगार संघटनांशी किंवा सामाजिक संस्थांशी जोडलेली ही मदत केंद्रं असतात. असं केंद्र लहान गावात नसलं तरी उंबेर्तिदे किंवा चित्ता दि कास्तेल्लोसारख्या जवळच्या मोठ्या गावात असतं.

पोस्टातून मिळणारी पावती सोन्यासारखी जपा. त्यावर क्वेस्तूरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात, बोटांचे ठसे द्यायची तारीख असते. कार्ड हातात यायला महिने लागतात, तोवर ती पावतीच तुमचा परवाना. मधल्या काळात घरी लग्नकार्य निघालं तर? जाता येतं, पण पहिल्या अर्जाच्या पावतीवर प्रवास करताना दुसऱ्या शेंगेन देशातून, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशातून, विमान बदलू नका. फ्रँकफर्ट, पॅरिस टाळा. दुबई किंवा दोहामार्गे रोमला या, आणि पासपोर्ट, व्हिसा व पावती तिन्ही हातातल्या बॅगेत ठेवा.

४. सोळा अक्षरांचा नंबर

कोदिचे फिस्काले म्हणजे आपल्या पॅन आणि आधारचं मिश्रण. तो नसेल तर घर, फोन, बँक, काहीच नाही. कर कार्यालयात फुकट मिळतो, काहींना व्हिसाच्या प्रक्रियेतच मिळालेला असतो, त्यामुळे आधी आपले कागद तपासा.

हा नंबर नावावरूनच बनतो, म्हणून तो वाचता येतो. पहिली तीन अक्षरं आडनावातल्या व्यंजनांची: पाटीलचं पी-टी-एल. पुढची तीन नावाची. नुसतं सुनीता असेल तर एस-एन-टी. पण पासपोर्टवर सुनीता रमेश असेल तर व्यंजनं चार किंवा त्याहून जास्त होतात, मग पहिलं, तिसरं, चौथं घेतात आणि होतं एस-टी-आर. वर नावाबद्दल एवढा जीव का काढला ते आता लक्षात आलं असेल. त्यापुढे जन्माचं वर्ष, महिन्याचं अक्षर, दिवस. बायकांच्या दिवसात ४० मिळवतात, १२ तारखेला जन्मलेलीचा दिवस ५२. घाबरू नका, ती छपाईची चूक नाही. त्यानंतर, शेवटच्या तपासणीच्या अक्षराआधी, जन्मस्थान: भारतात जन्मलेल्या सगळ्यांना झेड २२२. कराड असो की कोलकाता.

कागद हातात पडला की खिडकीसमोरच हे सगळं पडताळा. एक अक्षर चुकलं तर ते पुढं दहा ठिकाणी चुकत जातं.

५. घर

भाडं कमी बघून हो म्हणू नका. आधी चार प्रश्न विचारा. करार नोंदवणार का? घर कशावर तापतं? पाणी नळाचं की विहिरीचं? फोनला रेंज येते का? हा शेवटचा प्रश्न घरात उभं राहून, भिंतीआड जाऊन तपासायचा. इथल्या जुन्या घरांच्या दगडी भिंती हातभर जाड असतात. अंगणात चारही रेघा आणि स्वयंपाकघरात शून्य.

भाडेकरार ३० दिवसांत कर कार्यालयात नोंदवावा लागतो. "नोंदणी राहू दे, भाडं कमी करतो" असं कुणी म्हणालं तर दुसरं घर बघा. नोंदवलेल्या कराराशिवाय रहिवासाचा अर्ज अडतो, आणि रहिवासाशिवाय बाकी सगळं. घराचं ऊर्जा प्रमाणपत्रही मागा. ए-४ पासून जी पर्यंत वर्ग असतात. जुन्या दगडी घराला बहुधा एफ किंवा जी निघतो, म्हणजे भाड्यात वाचलेले पैसे जानेवारीत सरपणात जाणार.

घरमालकाला आणखी एक काम असतं. परदेशी माणसाला घरात ठेवल्याचं ४८ तासांत लेखी कळवायचं. जिथं पोलिसांचं ठाणं नाही अशा लहान कोमूनेत हा कागद सिंदाकोच्या नावानं कोमूनेतच जातो. आमच्या मालकीणबाई पंचाहत्तरीच्या. त्यांनी आयुष्यात परदेशी भाडेकरू ठेवला नव्हता. आम्ही दोघी मिळून चालत गेलो, अर्ज दिला, आणि येताना त्यांनी मला बारमध्ये कॉफी पाजली. बार म्हणजे कॉफीचं दुकान बरं का. गावी आईला फोनवर "सकाळी बारमध्ये गेले होते" असं सांगू नका.

६. रेसिदेंत्सा: सगळ्या कुलपांची किल्ली

रेसिदेंत्सा म्हणजे कोमूनेच्या अनाग्राफे या नोंदवहीत तुमचं नाव रहिवासी म्हणून चढणं. परवाना सरकार देतं, पण गावचा माणूस तुम्हाला अनाग्राफे करतं. यासाठी लागतं: पासपोर्ट, परवाना किंवा त्याची पावती, कोदिचे फिस्काले, नोंदवलेला भाडेकरार, भरलेला अर्ज. नवराबायको आणि मुलांचं नातं नोंदवायचं असेल तर ते अपोस्टिल केलेले दाखले इथं बाहेर काढायचे.

अर्ज दिल्यापासून २ कामाच्या दिवसांत नाव चढतं. मग ४५ दिवसांच्या आत कधीही पडताळणी होते: कोमूनेचा पोलीस, वीजिले, घरी येऊन तुम्ही खरंच तिथं राहता का ते बघतो. तो दिवस, वेळ सांगून येत नाही. ४५ दिवसांत काही हरकत आली नाही तर नोंद पक्की.

आता माझी गोष्ट. आमच्या घंटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. टपालपेटीवर तर त्याच्याही आधीच्याचं. मी म्हटलं, गाव एवढंसं, चार दिवसांत सगळ्यांना आम्ही माहीत झालोय, कशाला हवं नाव? वीजिले आला तेव्हा मी घरीच होते, पण मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. त्यानं घंटी वाचली, आमचं नाव नाही, निघाला. नशीब बलवत्तर, वळणावर त्याला मालकीणबाई भेटल्या आणि त्यांनी त्याला हाताला धरून परत आणला. मी ओल्या हातांनी दार उघडलं. त्यानं पासपोर्ट बघितला, स्वयंपाकघरात डोकावला, शिजत्या आमटीचा वास घेतला आणि म्हणाला, "राहताय यात शंका नाही, पण सिञोरा, नाव लावा." चूक सर्वस्वी माझी. तुम्ही चावी हातात पडल्याच दिवशी कागदावर आडनाव लिहून घंटीवर आणि पेटीवर चिकटवा. दोघांची आडनावं वेगळी असतील तर दोन्ही.

नोंद झाली की ओळखपत्र काढा. खर्च बाविसेक युरो, अर्ज कोमूनेत, कार्ड नंतर टपालानं येतं. परदेशी नागरिकाचं हे कार्ड देशाबाहेर प्रवासाला चालत नाही, तिथं पासपोर्टच.

यापुढचा खड्डा असा की त्यात जुनेजाणतेही पडतात. पेर्मेस्सोचं नूतनीकरण झालं की ६० दिवसांत कोमूनेत जाऊन "मी अजून इथंच राहतो" असं लेखी द्यावं लागतं. नवीन कार्ड मिळाल्याच्या आनंदात लोक हे विसरतात आणि काही महिन्यांनी नाव नोंदवहीतून कमी होतं. मग डॉक्टरपासून गाडीच्या विम्यापर्यंत एकेक दोरा उसवत जातो. कार्ड घेऊन घरी येताना वाटेतच कोमूनेत थांबा.

कार्यालयाच्या वेळांबद्दल: लहान कोमूनेत काम मुख्यतः सकाळी चालतं, आठवड्यातल्या एखाद-दोन दुपारी उघडं. अनाग्राफे बघणारी व्यक्तीच निवडणुकीचं, जन्ममृत्यूचं आणि दफनभूमीचंही बघत असते. ती सुट्टीवर असेल तर ते काम त्या आठवड्यात नाही, असं गृहीत धरा. ऑगस्टमध्ये तर काही मागूच नका. १५ ऑगस्टला आपण झेंडावंदन करतो, इथं फेर्रागोस्तो असतो आणि त्याच्या आगेमागे अख्खा देश बंद.

७. डॉक्टर

नोकरीवर किंवा कुटुंबाच्या परवान्यावर असाल तर सरकारी आरोग्यसेवेत नोंदणी हक्काची आणि फुकट, पहिल्या पावतीवरही होते. विद्यार्थ्यांना वार्षिक रक्कम भरावी लागते. आपल्या भागाचं खातं म्हणजे "उसल उंब्रिया १". तिथं यादीतून स्वतःचा मेदिको दि बासे, म्हणजे फॅमिली डॉक्टर, निवडायचा. यादीतलं नाव बघण्याआधी त्यांचा दवाखाना कुठल्या गावात, कुठल्या वारी उघडतो ते बघा. गाडी नसेल तर हाच प्रश्न मोठा. रात्री-सुट्टीच्या दिवशी फोनवर मिळणारी वेगळी डॉक्टरसेवा असते, आणि जिवावर बेतलं तर ११२. त्यासाठी आपला व्होकाबोलो इटालियनमध्ये सांगता यायलाच हवा. फ्रीजवर चिकटवून ठेवा, मुलांकडून पाठ करून घ्या.

८. गाडी

उंबेर्तिदेला रेल्वे स्टेशन आहे, पेरूजाकडे गाडी जाते. पण वस्तीवरून स्टेशनपर्यंत कसं जाणार? शाळेच्या वेळा सोडल्या तर बस मोजक्या, रविवारी त्याहून कमी. गाडी लागतेच.

भारतीय परवाना आंतरराष्ट्रीय परवान्यासोबत रहिवास नोंदल्यापासून एक वर्ष चालतो. त्यानंतर तो इटलीत कागदाचा तुकडा. भारताचा इटलीशी परवाना बदलून घेण्याचा करार नाही, म्हणून वीस वर्षं घाटात गाडी चालवली असली तरी परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. लेखी परीक्षेत ३० वाक्यं, खरं की खोटं, २० मिनिटं, चुका फार तर तीन. इंग्रजीत नाही, इटालियनमध्ये. प्रश्न गाडीचे कमी आणि शब्दांच्या फसवणुकीचे जास्त. म्हणून रहिवास मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात अभ्यास सुरू करा, अकराव्या नव्हे. नवरा दुसऱ्या प्रयत्नात पास झाला. मी तिसऱ्या, पण त्या निमित्तानं माझं इटालियन त्याच्यापेक्षा चांगलं झालं.

आणखी एक: १५ नोव्हेंबर ते १५ एप्रिल बर्फाचे टायर किंवा गाडीत साखळ्या, जिथं तशी पाटी आहे तिथं सक्तीचे. आमच्या खोऱ्यातून जाणारा ई-४५ हा त्यातलाच रस्ता.

९. वीज, लाकूड, कचरा

घरगुती विजेची जोडणी साधारण ३ किलोवॉटची असते. इंडक्शन शेगडी, पाणी तापवायची टाकी आणि इस्त्री एका वेळी चालवली की कोंतातोरे, म्हणजे मीटर, सगळं बंद करतो. आणि मीटर घरात असेलच असं नाही. आमचा रस्त्याच्या टोकाला दगडी कोनाड्यात आहे. पहिल्या पाडव्याला पुरणासाठी डाळ शिजत घातली असताना वीज गेली, आणि मी साडीवर स्वेटर चढवून विजेरी घेऊन उतारावरून खाली. घर घेताना मीटर कुठं आहे ते मालकाला दाखवायला सांगा.

विजेच्या बिलातच सरकारी टीव्हीची वार्षिक फी धरलेली असते. घरात टीव्ही नसेल तर तसं लेखी जाहीर करावं लागतं, आणि तेही दर वर्षी जानेवारीअखेर. नाही केलंत तर टीव्ही नसताना पैसे भरा.

लाकूड क्विंटलवर विकतात आणि क्विंटल आपलाच, १०० किलो. ऑक्टोबरात घ्यायला गेलात तर ओलं लाकूड गळ्यात पडतं. ते पेटत नाही, नुसता धूर आणि काचेवर काजळी. मे-जूनमध्ये घ्या, गेल्या वर्षी तोडलेलं मागा, आणि आडोशाला रचून ठेवा. दोन ओंडके एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं बद्द.

कचऱ्याचं वेळापत्रक कोमूनेतून मागून घ्या: ओला, कागद, प्लास्टिक, काच, उरलेला. प्रत्येकाचा वार वेगळा, डबा आदल्या रात्री बाहेर. चुकीच्या वारी ठेवलात तर डबा तसाच राहतो, वर चिठ्ठी चिकटते, आणि ती चिठ्ठी तुमच्याआधी शेजारी वाचतात. रहिवासासोबतच कचरा करासाठीही नाव नोंदवा, ते आपोआप होईल असं समजू नका.

स्वयंपाकाचं टेन्शन घेऊ नका. बेसन इथं "फारीना दि चेची" म्हणून मिळतं, डाळींमध्ये मसूर आणि हरभरा मुबलक. कोथिंबीर मात्र कुंडीत लावा. उंब्रियाचा पाव बिनमिठाचा असतो, पहिल्या घासाला बेकरीवाला मीठ विसरला असं वाटेल. पण तव्यासारख्या तेस्तोवर भाजलेली जाड पोळी असते, पेरूजाकडे तिला तोर्ता अल तेस्तो म्हणतात, आमच्या वरच्या खोऱ्यात च्याच्चा. माझ्या सासूबाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "भाकरीच की, जरा आळशी हाताची."

१०. गावात मिसळणं

दिसेल त्याला "बोन्जोर्नो" म्हणा. ओळख नसली तरी, रोजचाच माणूस असला तरी, आणि दुकानात शिरताना तर नक्कीच. न बोलता आत आलेला माणूस गावाच्या लक्षात राहतो. वडीलधाऱ्यांशी आणि कार्यालयात "लेई" वापरा. आपण अहो-जाहो करतो तसंच ते, त्यामुळे आपल्याला अवघड नाही. कुणाच्या घरात पाऊल टाकताना उंबऱ्यावर "पेर्मेस्सो?" म्हणायचं, येऊ का आत? ज्या शब्दासाठी पोस्टात १२६ युरो मोजले तोच शब्द.

प्रो लोको ही गावची उत्सव समिती. तिचं वार्षिक सभासदत्व घ्या आणि जेवणावळीत वाढायला उभ्या राहा. सहा महिन्यांत होणार नाहीत तेवढ्या ओळखी तीन संध्याकाळी होतात. मोन्तोनेत ऑगस्टमध्ये पवित्र काट्याचा, म्हणजे ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटातला मानल्या जाणाऱ्या काट्याचा, उत्सव असतो. गावचा सरदार ब्राच्चो फोर्तेब्राच्चो, त्याचा मुलगा कार्लो, त्याला व्हेनिसनं दिलेल्या काट्याची ही आठवण, पंधराव्या शतकातली. गावाचे तीन भाग त्या दिवसांत जुन्या पोशाखात एकमेकांविरुद्ध उतरतात. तुम्ही राहता त्या भागाचे व्हा, तटस्थ राहिलेलं कुणाला आवडत नाही.

आणि एक ठिकाण असं, जिथं आपल्याला ओळख करून द्यावी लागत नाही. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी याच तिबेर खोऱ्यात त्यांनी एकट्यानं मशीनगनच्या ठाण्यावर चाल केली, ठाणं घेतलं आणि तिथंच गोळ्या लागून पडले. वय २२. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर कोरलेलं आहे. २०२३ च्या जुलैत मोन्तोनेनं त्यांच्या नावानं सौर घड्याळाचं स्मारक उभं केलं. त्यावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. मी महाराष्ट्रातून आले असं सांगितलं की इथले काही म्हातारे लगेच "घाद्गे" म्हणतात. "ड" त्यांना येत नाही, मी दुरुस्त करत नाही.

तिथं जरूर जा, पाहुणे आले की त्यांनाही न्या. फक्त त्या सावलीवर वेळ बघून कोमूनेत जाऊ नका. उन्हाळ्यात इथलं सौर घड्याळ मनगटावरच्या घड्याळापेक्षा सव्वा तास मागे असतं. सावली पावणेबारा दाखवत असेल तेव्हा एक वाजलेला असतो.